वादळाच्या यादीत शेळी-कुत्र्यालाही जागा हवी

मे महिना उजाडला की सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर छपरे शाकारण्याची, होड्या वर ओढून झापांनी झाकण्याची लगबग सुरू होते. सरकारी कार्यालयांतही मान्सूनपूर्व आढावा बैठका होतात. नियंत्रण कक्ष, बोटी, जेसीबी, औषधांचा साठा यांची उजळणी होते. मात्र या साऱ्या तयारीत एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. घर सोडून निघा, असा हुकूम झाल्यावर दावणीची शेळी, खुराड्यातल्या कोंबड्या आणि उंबऱ्यावरचा कुत्रा यांचे काय करायचे?

प्रश्न किरकोळ वाटेल. शिक्षण, आरक्षण, अत्याचार, बेरोजगारी असे ज्वलंत प्रश्न समोर असताना चळवळीच्या दैनिकाने कुत्र्या-कोंबड्यांवर अग्रलेख लिहावा काय, असेही कोणी विचारील. परंतु हा प्रश्न जनावरांपुरता नाही. हुकूम झाल्यावर कोण घर सोडू शकतो आणि कोण सोडू शकत नाही, याचे उत्तर त्यात दडलेले आहे आणि ते उत्तर गरिबाच्या जीवाशी निगडित आहे.

गेल्या काही वर्षांचा इतिहास पाहा. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळ किनाऱ्यावर आले नाही, तरी त्याच्या उधाणाने मालवणच्या किनाऱ्याला झोडपले. जून २०२० मध्ये निसर्गने रायगडची दाणादाण उडवली. मे २०२१ मध्ये तौक्ते सिंधुदुर्गच्या अंगावरून गेले. झाडे आणि विजेचे खांब आडवे झाले, घरांची कौले-पत्रे उडाले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. पावसाळ्यात बांद्याला तेरेखोलचे आणि खारेपाटणला शुक नदीचे पाणी बाजारपेठेत शिरते, ते वेगळेच. पूर्वी वादळे बंगालच्या उपसागरातली, आपला समुद्र शांत, असे म्हणण्याची पद्धत होती. ते दिवस संपले.

तौक्तेच्या वेळी इशारा उशिरा मिळाला, असे म्हणता येणार नाही. हवामान खात्याच्या सूचना दोन-तीन दिवस आधीपासून येत होत्या. तरीही १७ मे २०२१ रोजी मुख्यमंत्री कार्यालयाने जे आकडे जाहीर केले, ते विचार करायला लावणारे आहेत. सुरक्षित ठिकाणी हलवलेल्या १२,४२० नागरिकांपैकी ८,३८० रायगडचे, ३,८९६ रत्नागिरीचे आणि अवघे १४४ सिंधुदुर्गचे होते. वादळाचा तडाखा तर सिंधुदुर्गला आदल्याच दिवशी बसला होता! या १४४ मागे अनेक कारणे असतील. करोनाची दुसरी लाट भरात होती, माणसे गर्दीला घाबरत होती. काही जण नातेवाइकांकडे गेले असतील, त्यांची नोंद झाली नसेल. पण जे घरातच राहिले ते का राहिले, हे सरकारी आकड्यात कुठेच सापडत नाही. ते ज्याच्या-त्याच्या दारात जाऊनच विचारावे लागते.

आणि दारात गेले की उत्तर मिळते. कोकणातल्या वाडीत आज घराघरांत कोण राहते? कर्ता मुलगा मुंबईला. सून-नातवंडे मुंबईला. घरात म्हातारी, तिच्या दोन-तीन शेळ्या, दहा-बारा कोंबड्या आणि एक कुत्रा. जमीन नावावर नाही किंवा असली तर चार गुंठे. शेळी ही तिची बँक आहे. औषधपाण्याचा खर्च निघाला की पाट विकायची, नातीच्या प्रवेशाचे पैसे भरायचे झाले की बोकड विकायचा. कोंबडीच्या अंड्यांवर मीठ-मिरची सुटते. कुत्रा तिचा राखणदार आहे. रात्री अंगणात फुरसे निघाले, बागेत डुक्कर शिरले, रानातून बिबट्या वस्तीजवळ आला, तर आधी तोच भुंकतो. अशा बाईला तलाठी किंवा पोलीस पाटील येऊन सांगतो, ‘आजी, शाळेत चला, फक्त कपडे आणि कागदपत्रे घ्या.’ ती विचारते, ‘आणि ह्यांका कोण बघतलो?’ त्याच्याकडे उत्तर नसते. मग ती म्हणते, ‘तुमी जावा, मी नंतर येतंय.’ ती येत नाही. आपण तिला हट्टी म्हणतो, अडाणी म्हणतो. वास्तविक तिने हिशेब केलेला असतो आणि तो हिशेब चुकीचा नसतो. आपल्या योजनेत तिचा संसार धरलेलाच नसतो.

हे केवळ कोकणात घडते असे नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडची कित्येक कुटुंबे गोठ्यातली जनावरे सोडून बोटीत चढायला तयार झाली नाहीत. ज्याच्याकडे दुमजली घर होते त्याने जनावरे माडीवर चढवली. ज्याच्याकडे ते नव्हते त्याने काय करायचे?

आता जीव गेल्यानंतरचा हिशेब पाहू. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्र सरकारने मदतीचे जे निकष ठरवले, त्यांत दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,००० रुपये, शेळी-मेंढी-डुकराला ४,००० रुपये आणि कोंबडीला १०० रुपये असा दर आहे. कोंबड्यांसाठी एका कुटुंबाला कमाल १०,००० रुपये. बाजारात चार हजारांत चांगली दुभती शेळी मिळत नाही, हे आठवडी बाजाराला जाणारे पोरही सांगेल. कुत्रा आणि मांजर यांचा त्या यादीत उल्लेखच नाही. पंचनाम्याच्या भाषेत तो जीव नव्हताच. त्यात २०२४ साली राज्य शासनाने असेही ठरवले की, कानात बिल्ला नसलेले जनावर नैसर्गिक आपत्तीत दगावले तर भरपाई द्यायची नाही. म्हणजे ज्याला दवाखान्याची वाट माहीत आहे, ज्याच्या गोठ्यापर्यंत पशुधन पर्यवेक्षक पोहोचतो, त्यालाच भरपाई. वाडीच्या टोकाला राहणाऱ्याने आपले नशीब कपाळी मारून घ्यायचे. याच २०२४ साली महाराष्ट्रात देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ हा दर्जा मिळाला. गाईला माता म्हणायला खर्च येत नाही. पुराच्या पाण्यातून कोणाची शेळी, कोणाची म्हैस कोणी बाहेर काढायची, हे ठरवायला मात्र नियोजन लागते, टेम्पो लागतो, माणूस लागतो.

इथे चळवळीतला एखादा जुना कार्यकर्ता आक्षेप घेईल आणि तो आक्षेप गंभीरपणे ऐकला पाहिजे. ज्या समाजाला कुत्र्या-मांजरापेक्षाही हीन लेखले गेले, चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत असताना ज्याला बंदी होती, त्याने आज कुत्र्या-मांजरांची काळजी वाहायची काय? १९३१ साली मणिभवनात गांधीजींना भेटले असता बाबासाहेबांनी हीच वेदना त्यांच्या तोंडावर मांडली होती. ती वेदना खोटी नाही. आजही शहरातल्या एखाद्या सुखवस्तू कुटुंबाच्या कुत्र्याला गादी मिळते आणि त्या घरातल्या मोलकरणीला वेगळा कप मिळतो. ते पाहून संताप यावा, हे साहजिकच.

परंतु अपराध कोणाचा, हे नीट ओळखले पाहिजे. माणसाला जनावराखाली ढकलणाऱ्याचा तो अपराध होता. तळ्यावर पाणी पिणाऱ्या मुक्या जनावराचा नव्हे. ज्यांनी माणसाची पायरी ठरवली, त्यांच्याशी आपले भांडण आहे. राजगृहातले १९३४ सालचे ते छायाचित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी भिंतीवर आहे. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि त्यांच्यासोबत टॉबी नावाचा कुत्रा. कुटुंबाच्या छायाचित्रात कुत्र्याला जागा देणाऱ्या महामानवाला त्यात कमीपणा वाटला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे पालन करण्याची आहे. दरवर्षी आपण ती हात जोडून म्हणतो. पंचशीलातले पहिले शीलही जीवहत्येपासून दूर राहण्याचेच. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी, अशा दोन्ही प्रकारच्या औषधोपचारांची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले. त्याच अशोकाच्या लेखांचे तुकडे आपल्या कोकण किनाऱ्यावर सोपाऱ्याला सापडले. म्हणजे माणूस की जनावर, असा वाद घालणे ही आपली परंपराच नाही.

दुसरीही एक गोष्ट विसरता कामा नये. गावात ढोर मेले की ते ओढून नेण्याचे काम आपल्या पूर्वजांच्या माथी मारले होते. ते झुगारून देण्याची हाक बाबासाहेबांनी महाडच्या १९२७ च्या परिषदेपासून दिली. तरीही पूर ओसरला, कुजलेल्या कलेवरांचा वास सुटला की व्यवस्थेला आजही कोणाची आठवण होते? २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मृतदेह उचलायला दलित सफाई कामगारांनाच आणले गेले. २०१६ साली गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना कोणत्या क्रौर्याला सामोरे जावे लागले, ते देशाने पाहिले. जनावर मेल्यावरच ज्यांना बोलावणे येते, त्यांनी आता जनावर जिवंत असतानाच्या नियोजनात बसण्याचा हक्क मागितला पाहिजे. हा दयेचा मुद्दा आहेच, पण त्याहून अधिक हक्काचा आहे.

निवाऱ्यात काय घडते तेही ठाऊक असावे. २००१ च्या कच्छ भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत मदत छावण्यांमध्ये जातीवरून भेदभाव झाल्याचे मानवी हक्क संघटनांनी नोंदवून ठेवले आहे. वेगळी रांग, वेगळे पाणी, वेगळा कोपरा. अशा ठिकाणी शेळी-कोंबडी घेऊन गेलेल्या माणसाला ‘घाण करू नका’ म्हणून दारातूनच परत पाठवणे किती सोपे! जातीचे नाव न घेता जात पाळण्याची ती उत्तम सोय आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ६१ ने मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. हे कलम प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असले पाहिजे.

जगात हा प्रश्न इतरांनी कसा हाताळला? ज्या ब्लॅक पँथरवरून आपल्या दलित पँथरने १९७२ साली नाव घेतले, त्यांच्याच समाजावर २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळाने घाला घातला. न्यू ऑर्लिन्समध्ये ज्यांच्याकडे मोटार होती ते निघून गेले. मागे राहिले ते बहुतांशी गरीब आणि काळे. तिथेही पाळीव जनावर सोडवेना म्हणून घरातच थांबलेली माणसे होती. सुपरडोममधून बसमध्ये चढणाऱ्या एका लहान मुलाच्या हातून पोलिसाने त्याचा छोटा कुत्रा काढून घेतला. त्या कुत्र्याचे नाव स्नोबॉल. ती बातमी देशभर गाजली आणि २००६ साली अमेरिकी संसदेने कायदा केला की, आपत्तीच्या योजनेत राज्यांनी पाळीव प्राण्यांचा आणि त्यांच्या मालकांचा विचार केलाच पाहिजे. काळ्या माणसांना दिवसेंदिवस पाण्यात ताटकळत ठेवणाऱ्या सरकारला कुत्र्यांसाठी वर्षभरात कायदा करता आला, यावर कडवट हसू येते. तरीही कायद्यामागचा अनुभव खरा आहे. जनावराला जागा नाकारली की माणूसही मागे राहतो.

अमेरिका श्रीमंत म्हणून सोडून देऊ. बांगलादेश तर गरीब देश. १९७० च्या प्रलयंकारी वादळानंतर तिथे सत्तरच्या दशकात किनारपट्टीवर मातीचे उंच चौथरे उभारले गेले. त्यांना ‘मुजीब किल्ला’ म्हणतात. उधाण आले की जनावरे त्या चौथऱ्यावर न्यायची. आपल्या कोकणात तर निसर्गानेच हे किल्ले बांधून ठेवले आहेत. किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांच्या पाठीशी जांभ्या दगडाचा सडा आहे. सड्यावर पाणी चढत नाही, पण तिथे वारा झोडपतो. म्हणून भिंतीच्या आडोशाची, भक्कम छपराची एक शेड तिथे हवी आणि तिथवर जाणारी पाणंद मोकळी हवी. ही शेड कोणाच्या खासगी जमिनीत नको, नाहीतर ऐनवेळी गडग्याचे बेडे कोणासाठी उघडायचे आणि कोणासाठी नाही, हा जुनाच खेळ सुरू होईल.

मात्र सगळ्याच गावांना सडा नाही. मालवण तालुक्यातले देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. रस्ता एकच, तारकर्लीवरून मालवणला जाणारा. मसुरे-हडी भागात खाडीतल्या जुव्यांवरच्या घरांना तर होडीशिवाय वाट नाही. अशा ठिकाणी शेवटच्या तासाला जनावरे हलवणे अशक्य आहे. तिथे नियम उलटा हवा. जनावरे आदल्या दिवशी, माणसे दुसऱ्या दिवशी. ऐकायला विचित्र वाटेल, पण जनावरे आधी सुरक्षित जागी पोहोचली की माणसाला मागे ओढणारे काही उरत नाही. मग ती म्हातारी पहिल्या हाकेला निघते.

आता वस्तीने स्वतः काय करायचे? पहिले काम मोजणीचे. पावसाळ्यापूर्वी वाडीतल्या दोन-तीन मुला-मुलींनी वही घेऊन घरोघर जावे. माणसे किती, त्यांत म्हातारी, आजारी, अपंग, गरोदर किती, शेळ्या, गुरे, कोंबड्या, कुत्री, मांजरे किती, कोणाला कोणी आणायचे, हे सारे लिहून काढावे. ज्या घरात एकटी म्हातारी आहे, त्या घराची जबाबदारी नाव घेऊन एका तरुणावर द्यावी. दुसरे काम दवाखान्याचे. गुरांना घटसर्प-फऱ्याची, शेळ्यांना आंत्रविषार आणि पीपीआरची, कोंबड्यांना राणीखेतची आणि कुत्र्यांना रेबीजची लस वेळेत द्यावी. लस न टोचलेले जनावर निवाऱ्यात नेले तर एकाचा रोग सगळ्यांना लागतो आणि मग सगळ्यांनाच बाहेर काढायला निमित्त मिळते. कानातला बिल्ला त्याच फेरीत मारून घ्यावा. प्रत्येक जनावराचे मालकासह एक छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे. पंचनाम्याच्या वेळी तोच पुरावा ठरतो.

तिसरे काम सामानाचे. मजबूत दोर, कुत्र्यासाठी पट्टा आणि भेदरून चावू नये म्हणून तोंडाला सैलसर बांधायची कापडाची पट्टी, मांजरासाठी झाकणाची वेताची टोपली, कोंबड्यांसाठी डालगे. कोंबड्या तिन्हीसांजेला खुराड्यात शिरल्या की अलगद धरता येतात, भर दिवसा त्यांच्यामागे धावून वेळ फुकट जातो. तीन दिवस पुरेल इतका पेंढा, कोंडा, तांदूळ आणि पाणी. गळ्यात मालकाचे नाव आणि फोन नंबर लिहिलेली चकती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नेणे शक्यच झाले नाही तर दावे सोडावे, खुराडे उघडावे. बांधलेले जनावर पाण्यात हमखास मरते, सुटलेले जनावर उंचावर जाण्याचा प्रयत्न तरी करते. घरी परतल्यावर साचलेल्या पाण्यात, गोठ्याच्या चिखलात अनवाणी उतरू नये. सिंधुदुर्गात लेप्टोने माणसे दगावलेली आहेत आणि त्याचे जंतू उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मुतातूनच पाण्यात उतरतात. ताप आला तर अंगावर काढू नये.

हे वस्तीचे काम झाले. बाकीचे सरकारकडून वसूल करायचे आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याची योजना असते आणि ती दरवर्षी अद्ययावत करायची असते. ती ओरोसच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून मागवून वाचावी. आपल्या गावाचा निवारा कोणता, तो किती उंचावर आहे, त्यात जनावरांसाठी वेगळी छपराची जागा आहे काय, शेळ्या-कुत्र्यांना नेण्यासाठी टेम्पो आणि होडी कोणाची, हे प्रश्न १ मेच्या ग्रामसभेत लेखी मांडावेत आणि ठराव करून घ्यावा. १ मे हा महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा जन्माला आला तोही दिवस. त्या दिवशी भाषणे होतातच, सोबत हा एक ठरावही व्हावा. जिथे आपले समाजमंदिर किंवा बुद्धविहार उंचावर आणि पक्क्या छपराचे आहे, तिथे त्याचा निवारा म्हणून प्रस्ताव आपणच द्यावा आणि त्याचे दार गावातल्या प्रत्येक जातीच्या माणसाला आणि त्याच्या जनावराला उघडे ठेवावे. ज्यांना देवळाच्या पायरीवर थांबवले गेले, त्यांनी वादळाच्या रात्री विहाराचे दार सर्वांना उघडणे, ही समतेची शिकवण कृतीत उतरवणे होय.

वादळ जात विचारत नाही, असे म्हणण्याची प्रथा आहे. वादळ विचारत नसेलही. पण ते यायच्या आधी कोणाचे नाव यादीत लिहिले जाते आणि ते गेल्यावर कोणाचा पंचनामा होतो, यात जात पुरेपूर असते. म्हणून यादी आपणच करायची. तिच्यात घरातल्या म्हातारीचे नाव लिहायचे आणि त्याच ओळीत तिच्या शेळ्यांची संख्या, तिच्या कोंबड्या आणि तिचा कुत्राही लिहायचा. पावसाळा तोंडावर आहे. वही आजच काढा.